आय-ट्रिपल-ई सभासदत्व: नव्या इंजिनिअरला वर्गणी परवडते का?

आय-ट्रिपल-ई (IEEE) ही इंजिनिअरांची जागतिक संघटना. कॉलेजात तिचे विद्यार्थी सभासद झालेले अनेक जण नोकरी लागली की वर्गणी भरणं थांबवतात. अपेक्षाच चुकीची असते: सभासद झालो की संघटनेच्या ‘एक्सप्लोअर’ या ऑनलाइन संग्रहातले सगळे शोधनिबंध उघडतील. ते उघडत नाहीत. मूळ वर्गणीत ‘स्पेक्ट्रम’ मासिक मिळतं. निबंध पूर्ण वाचायचे तर वेगळी योजना घ्यावी लागते, आणि तिथेही छोट्या योजनेत महिन्याला ३, मोठीत २५ एवढीच मर्यादा. कंपनीने एक्सप्लोअर घेतलेलं असेल तर यावर खर्च करूच नका. कॉम्प्युटर, पॉवर, कम्युनिकेशन अशा विषयवार सोसायट्यांची, म्हणजे संघटनेतल्या उपशाखांची, वर्गणीही वेगळी. फॉर्म भरताना उत्साहात तीन-चार ठिकाणी टिक केली की बिल फुगतं. रोजच्या कामाशी जुळणारी एक पुरे.

तारीख बघून भरा. सभासदत्वाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. १ मार्च ते १५ ऑगस्टदरम्यान नव्याने येणाऱ्याला अर्धी वर्गणी पडते, ऐकायला छान. पण १५ ऑगस्टला भरली तर हातात साडेचार महिनेच येतात. एक दिवस थांबून १६ तारखेला पूर्ण वर्गणी भरली, तर तीच पुढच्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत चालते. नुकतीच पदवी मिळालेल्यांना पहिल्या वर्षी निम्मी सवलत आहे. त्यासाठी प्रोफाइलमधली पदवीची तारीख बरोबर हवी.

तरुणांना खरं काय हवं असतं? कामातली अडचण विचारता येईल असा अनुभवी माणूस, आणि बायोडेटावर वजन पडेल असं काहीतरी. दुसऱ्या गोष्टीसाठी सीनियर मेंबर ही सभासदत्वाची वरची श्रेणी चांगली. अट १० वर्षांच्या व्यावसायिक कामाची, पण त्यात बी.ई.ची ३ आणि एम.ई.ची मिळून ४ वर्षं धरली जातात, डॉक्टरेट असेल तर ५. म्हणजे बी.ई.नंतर सात वर्षं काम झालं की अर्ज करता येतो. फक्त वर्षं भरून भागत नाही, त्यातल्या किमान ५ वर्षांत ठळक काम दाखवावं लागतं. अर्ज अडकतो तो शिफारशींवर: सीनियर किंवा त्याहून वरच्या फेलो श्रेणीतले तिघं लागतात, आणि ओळखच नसेल तर ते आणायचे कुठून?

इथे स्थानिक सेक्शनच, म्हणजे संघटनेची आपल्या भागातली शाखाच, कामाला येतो. पहिल्या पदवीपासून १५ वर्षांपर्यंतच्या सभासदांसाठी यंग प्रोफेशनल्स गट आहे, त्याला जादा पैसे नाहीत. मात्र सेक्शन-सेक्शनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. पैसे भरण्याआधी व्हीटूल्स (vTools) या संघटनेच्या कार्यक्रम-नोंदींच्या साइटवर त्या सेक्शनचे गेल्या सहा महिन्यांतले कार्यक्रम चाळा. नुसते सत्कार आणि विद्यार्थी स्पर्धा दिसल्या तर नोकरदाराच्या हाती फारसं काही लागणार नाही. प्रत्यक्ष कामावरची व्याख्यानं, कार्यशाळा दिसल्या तर सभासदत्व जरूर घ्या, आणि आल्या आल्या एखादं छोटं काम मागून घ्या: वक्ता ठरवणं, नोंदणी सांभाळणं. मागच्या रांगेत बसून चहा पिणाऱ्याला शिफारस कोण देणार!