मुलाच्या मेंदूतली गाठ: जवळचा सर्जन की टीम असलेलं रुग्णालय?

डोक्यात पाणी साचून मूल उलट्या करतंय, गुंगीत जातंय, तर प्रश्नच नाही. जवळच्या न्यूरोसर्जनकडे धाव घ्या. वाढलेला दाब तिथेही कमी करता येतो.

गाठ काढणं मात्र वेगळं. मेड्युलोब्लास्टोमा या मुलांच्या मेंदूतल्या कर्करोगाच्या गाठीत ऑपरेशन ही नुसती सुरुवात असते. एकट्या सर्जनकडे ते उत्तम होईलही, पण नंतर पॅथॉलॉजी एकीकडे, रेडिएशन दुसरीकडे, फाइल घेऊन फिरणारे आईवडील, आणि त्यात मोलाचे आठवडे निसटतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी सर्जन, बालकर्करोगतज्ज्ञ, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत एमआरआय करून गाठ किती उरली ते पाहायचं. ३ वर्षांखालच्या बाळाला रेडिएशन शक्यतो टाळून केमोवर भर द्यायचा. पुढे उंची, हार्मोन्स, शाळेतलं लक्ष यांकडेही कुणीतरी बघतं, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

रांगा, मुंबईत राहायची सोय, बुडणारी रोजी हा त्रास खराच. तरीही मूल स्थिर असेल तर मी टीमकडेच जा म्हणेन. बाहेर ऑपरेशन झालं असल्यास गाठीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे), स्लाइड्स आणि एमआरआयची सीडी न्या; नुसता रिपोर्ट पुरत नाही.