घर, हॉटेल, ॲप : आठ महिने सगळं करून बघितलं, अडलं ते पोळीवर

जूनमध्ये आई साताऱ्याला परत गेली आणि आमच्याकडे रात्रीचं जेवण हा एकदम प्रश्न होऊन बसला. राहायला ठाण्यात, घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या जरा पुढे. मी नोकरीला ऐरोलीला, बायको मुंबईत बीकेसीला, चिरंजीव दुसरीत. दोघं घरी टेकेपर्यंत आठ-सव्वाआठ, त्यात मेट्रोचं काम आणि पाऊस दोन्ही जोरात असले की नऊ. तर जून ते जानेवारी आम्ही काय काय केलं, किती पैसे घातले आणि कुठे शहाणे झालो ते लिहितोय. हिशोब वहीत आहे, अंदाजपंचे नाही.

पहिले दीड महिने सरळ ॲपवरून जेवण मागवायचं. जुलैमध्ये 17 ऑर्डर, साधारण 9,200 रुपये, आणि हे फक्त रात्रीच्या जेवणाचं हां, सकाळचा डबा वेगळा. सुरुवातीला मला वाटायचं कूपन लावतोय म्हणजे वाचवतोय. मग एका शनिवारी ज्या हॉटेलातून नेहमी मागवायचो तिथेच जाऊन बसलो, तर ॲपवर 310 ला असलेली पनीरची भाजी मेन्यूकार्डावर 260 ला. म्हणजे कूपनचे 50 आधीच किमतीत घालून ठेवलेले! त्यावर पॅकिंग, डिलिव्हरी, आणि प्लॅटफॉर्म फी, म्हणजे ॲप दर ऑर्डरमागे स्वतःसाठी घेतं ते. ही प्लॅटफॉर्म फी 2023 मध्ये सुरू झाली तेव्हा 2 रुपये होती म्हणून कोणी लक्ष दिलं नाही, आता दहाच्या वर गेलीये. टॅक्सचीही गंमत आहे. 1 जानेवारी 2022 पासून ॲपवरून मागवलेल्या जेवणावरचा 5 टक्के जीएसटी ॲपच घेतं आणि भरतं, त्यामुळे उलाढाल कमी म्हणून काउंटरवर जीएसटी न लावणारं कोपऱ्यावरचं छोटं दुकानसुद्धा ॲपवर गेलं की तुम्हाला टॅक्स लागतोच. सप्टेंबर 2025 पासून डिलिव्हरीच्या पैशांवर 18 टक्के, तो वेगळा. तेव्हा वरचं हिरवं डिस्काउंट बघू नका, सगळ्यात खालचा आकडा बघा.

पण खरं सांगू का, पैशापेक्षा मला पोळीने जास्त छळलं. बंद डब्यात वाफ कोंडते, डोसा दहा मिनिटांत मऊ, भजी गेल्यातच जमा, आणि पोळी किंवा रोटी फॉइलमध्ये आधी ओली होते आणि मग गार झाली की चामडं. बिर्याणी, दालखिचडी, इडली हे प्रवास सोसतात. आमच्याकडे मात्र मुलाला पोळीच लागते, बिर्याणी दोन घास खाऊन "पोळी नाही का?" म्हणून बघत बसतो.

आणखी एक. जुलैच्या एका रात्री पाऊस एवढा की खाली रिक्षा दिसत नव्हती आणि मी वरून दालखिचडी मागवली. डिलिव्हरीवाला पोरगा नखशिखांत भिजून आला, त्याला मेन लिफ्टने सोडलं नाही, सर्व्हिस लिफ्टसाठी थांबला बिचारा, आणि माझ्या घरात डाळ, तांदूळ, कुकर तिन्ही होतं. त्या दिवसापासून मुसळधार पावसात ऑर्डर बंद. बायको म्हणाली मग त्याची कमाई बुडते त्याचं काय. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

बाहेर जेवणं हा रोजचा पर्याय नाहीच, त्यामुळे थोडक्यात. आठवड्यातून एकदा जायचो, तिघांचे 1,100-1,200. एका मॉलमधल्या हॉटेलने बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. तो जबरदस्तीने लावता येत नाही हे केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या गाइडलाइन्समध्ये आहे आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच धरलं. काउंटरवर नीट सांगितलं, कुरकुर करत का होईना काढला. बाकी मामलेदारची मिसळ आणि कुंजविहारचा वडापाव या हिशोबात धरलेले नाहीत. ते जेवण नाही, तो ठाण्यात राहण्याचा भत्ता आहे.

ऑगस्टमध्ये स्वयंपाकाला मावशी लावल्या, एका वेळच्या पोळ्या आणि भाजीचे 4,500. हात छान होता. पण सात वाजता यायच्या तेव्हा घरी कोणी नाही, किल्ली शेजारच्या काकूंकडे, रोज सकाळी भाजी निवडून ठेवून जायची, आणि गणपतीला मावशी गावी गेल्या त्या पंधरा दिवसांनी फोन आला की मुलीचं बाळंतपण आहे, आता दिवाळीनंतरच. त्यांची चूक काहीच नाही. पण परत दुसरं कोणी शोधायचा दमच राहिला नव्हता.

मग ऑक्टोबरमध्ये ठरवलं की मीच करतो. तोपर्यंत मला चहा आणि ऑम्लेट यायचं, आणि आईच्या राज्यात तेवढ्यावर भागत होतं. वरणभात, पिठलं, मटकीची उसळ, फ्लॉवर बटाटा, ही आठवड्याभरात आली हो, उगाच बाऊ केलेला असतो. कुकरला खाली डाळ, वर तांदूळ, तिसऱ्या भांड्यात बटाटे, तेवढ्यात भाजी चिरून फोडणी, 25 मिनिटांत गॅस बंद. रविवारी जांभळी नाक्याला जाऊन आठवड्याची भाजी, आलं-लसूण वाटून फ्रीजमध्ये. पण पोळी! कणीक मळा, ती भिजू द्या, लाटा, भाजा, मला दहा पोळ्यांना घड्याळ लावून 55 मिनिटं लागली आणि आकार असा की चिरंजीव प्रत्येक पोळी उचलून "हा कुठला देश" विचारायचा. कणीक आदल्या रात्री मळून ठेवली तर वरून काळी पडते. बायकोला येतात चांगल्या, पण बीकेसीवरून उभं राहून आलेल्या माणसाला लाटणं हातात द्यायचं धाडस माझ्यात नाही, आणि द्यायचंही नव्हतं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण एवढे दिवस 540 रुपयांचं अख्खं जेवण मागवत होतो ते मुळात पोळ्या टाळण्यासाठी. भाजी कधी अडचण नव्हतीच. नोव्हेंबरपासून एवढंच करतो, येता येता पोळीभाजी केंद्रातून फक्त पोळ्या. 10 रुपयाला एक, रोज दहा, महिन्याचे 22 दिवस धरले तर 2,200. बाकी सगळं घरी. डिसेंबरचा हिशोब: पोळ्या 2,200, भाजी-किराणा रात्रीपुरता साधारण 3,500, ॲपच्या फक्त तीन ऑर्डर.

यातही खाचाखोचा आहेत. आमचं केंद्र नऊला बंद, लोकल लटकली की गेलं, म्हणून साडेसातला फोन करून दहा बाजूला ठेवायला सांगतो. सुरुवातीला पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. शाई अन्नाला लागते म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने, पेपरात खायचं बांधू नका असं सांगितलेलं आहे, तेव्हा मी घरून डबा आणि आईचं जुनं सुती फडकं न्यायला लागलो, ऐरोलीच्या ऑफिसात बॅगेतून रिकामा डबा निघाला की लोक हसतात. पण फडक्यामुळे वाफ धरत नाही, नऊ वाजता पोळी नुसती तव्यावर फिरवली तरी पुरे. संकष्टीला केंद्रात साबुदाणा खिचडीची एवढी रांग असते की पोळ्यांना अर्धा तास, त्या दिवशी सरळ मुगाची खिचडी टाकतो.

एकटे राहत असाल तर हे गणित वेगळं होईल, तीन पोळ्यांसाठी कोण डबा वागवणार, त्यापेक्षा मेस बरी. ज्यांच्याकडे कोणीतरी सातला घरी असतं त्यांनी मावशी लावाव्यात, ते ताजंच.

संक्रांतीला आई आली. पहिल्याच रात्री केंद्रातली पोळी ताटात घेतली, उलटी करून बघितली, पदर सुटतोय का ते बघितलं आणि म्हणाली, "लाटणारीचा हात बरा आहे, पण तेल मोजून लावतात रे." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून कणीक मळत होती. मी निघताना दारापर्यंत आली, म्हटलं आता संध्याकाळच्या पोळ्या नको आणायला ना, तर म्हणे, "आण सहा. गूळपोळ्या लाटून खांदा भरलाय."