शेततळ्याच्या प्लास्टिकात माझे 46,000 गेले, तुमचे जाऊ देऊ नका

पूर्णेच्या खोऱ्यात, आमच्या खारपाणपट्ट्यात, बोअर मारून फायदा नाही. पाणी खारंच लागते. पावसाचं गोडं पाणी शेततळ्यात साठलं तरच हरभऱ्याला एखादं पाणी देता येते. ही गरज हेरूनच तो दलाल आला.

गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, तोंडात आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांची नावं. "काका, अस्तरीकरणाचं, म्हणजे तळ्यात प्लास्टिक अंथरायचं, अनुदान मंजूर करून देतो." नोंदणीचे 1,500, फाइलचे 4,500, 500 माइक्रॉन जाडीच्या प्लास्टिकचे 40,000. पैसे कंपनीच्या नाही, त्याच्या स्वतःच्या खात्यावर. अर्जाचा क्रमांक मागितला तर "साहेबांच्या सहीला गेला" म्हणे. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज आपला आपल्याला करता येतो, शुल्क 23 रुपये 60 पैसे, आणि अनुदान थेट आपल्या आधार जोडलेल्या खात्यात येते. मधल्या माणसाचं त्यात कामच नाही.

ती घडी अजून डोक्यातून जात नाही. धुऱ्यावर रोल उलगडला तेव्हा प्लास्टिकच्या खालची माझी बोटं वरून दिसत होती. त्यावर ना जाडी छापलेली, ना आयएसआयचा शिक्का. मी विचारलं, तर म्हणाला, "नवीन टेक्नॉलॉजी आहे, पातळ पण मजबूत." आभाळ भरून आलेलं, मजूर खोळंबलेले. अशा वेळी रोल परत पाठवणारा शेतकरी मला दाखवा! जोड मशीननं वितळवून मारायचे असतात, यानं टेप चिकटवली. पोळ्याच्या आधीच जोड सुटले आणि पाणी काळ्या मातीत जिरलं. तळाशी उरलं ते मचूळ.

रोल घेताना एक चौरस मीटर तुकडा वजन करून घ्या. 500 माइक्रॉनची सलग फिल्म 460 ते 470 ग्रॅम भरते. माझा तुकडा नंतर किराणा दुकानात तोलला. 190 ग्रॅम!

कृषी कार्यालय म्हणते, तुमचा खाजगी व्यवहार. पोलीस म्हणतात, हे दिवाणी प्रकरण, ग्राहक मंचात जा. खोटं अनुदान दाखवून पैसे उकळणं दिवाणी कसं हो? साध्या अर्जाची पोच द्यायलाही चार वेळा "उद्या या". बँकेनं तर सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवले. मग आम्ही जायचं कुठं? योजनांचे फलक लावायला यांना वेळ आहे, गावोगाव फिरणाऱ्या दलालाला हटकायला नाही.

ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर तक्रार लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. कायद्यात तशी सोय आहे, मी पाठवली. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा. मला हे उशिरा कळलं, तोवर खातं रिकामं झालं होतं.

त्याचा नंबर आता बंद आहे, पण माणूस बंद झालेला नाही. तुमच्याकडूनही त्यानं पैसे घेतले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि प्लास्टिकचा तुकडा जपून ठेवा. तक्रार सगळ्यांनी मिळून करू.