पुस्तकपेटी, दुरुस्तीचा कट्टा, मोकळी गल्ली की पायी फेरी?

आपल्या भागात काहीतरी सुरू करू, असं चार-पाच जणांच्या मनात येतं आणि पहिल्याच बैठकीत चार नावं पुढे येतात. रस्त्याकडेला पुस्तकपेटी ठेवू, हवं ते पुस्तक न्यायचं, आपलं ठेवायचं. दुरुस्तीचा कट्टा भरवू, बिघडलेल्या वस्तू एकत्र बसून नीट करू. सुट्टीच्या दिवशी गल्ली गाड्यांना बंद करून पोरांना मोकळी सोडू. नाहीतर परिसर दाखवणारी पायी फेरी काढू. चारही गोष्टी जगभर चालू आहेत आणि कागदावर सोप्या दिसतात. पहिला दिवस कुणालाही जमतो. चौथ्या महिन्यात किती हात लागतील हे बघून निवड करावी, आणि त्या हिशेबात या चौघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फेरीला दोन माणसं पुरतात, एक बोलणारा आणि एक शेवटी राहून मागे रेंगाळणाऱ्यांना हाकणारा. पेटी बांधायला दोघं लागतात, नंतर आठवड्याला दहा मिनिटं देणारा एकच, पण तो न चुकता देणारा हवा. गल्ली मोकळी ठेवायची तर प्रत्येक तोंडाशी दोघं आणि तासाने त्यांची बदली. दोन तोंडांच्या गल्लीला दोन तासांसाठी आठ जण झाले. दुरुस्तीच्या कट्ट्याला पाच कारागीर हात, नोंदणीला एक आणि वर दोन राखीव. आयत्या वेळी टांग मारणारा यात धरलेला नाही, आणि तो एक तरी निघतोच.

सगळ्यांत आकर्षक वाटतो दुरुस्तीचा कट्टा. लवकर दमवतो तोही हाच, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर. मार्टिन पोस्तमा या डच पत्रकार बाईंनी १८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲमस्टरडॅममध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला आणि त्याच नावाने तो पुढे अनेक देशांत पसरला. त्यातली कळीची अट अशी की वस्तू ठेवून निघून जायचं नाही, मालकाने शेजारी बसायचं, स्क्रू धरायचे, बघायचं. ही अट ढिली झाली की कट्ट्याचं फुकटातलं दुकान होतं. लोक ‘झालं का?’ विचारायला येतात आणि काम करणारे दोन महिन्यांत गळतात.

एका वस्तूला सरासरी चाळीस मिनिटं धरा. तीन तासांत पाच जणांकडून वीस-बावीस वस्तू होतात, त्याहून जास्त नाही. त्यामुळे कट्टा संपायच्या पाऊण तास आधी नोंदणी बंद करायची, नाहीतर शेवटची मिक्सरवाली मंडळी उघडं यंत्र पिशवीत घालून घरी नेतात. शिवणकामाचं टेबल सगळ्यांत भरभर चालतं. चेन, बटण, उसवलेली शिवण ही कामं दहा-पंधरा मिनिटांची, आणि रांगेत ताटकळलेल्यांना तेवढंच बघायला मिळतं. ते दाराजवळ लावा.

विजेच्या टेबलावर मल्टीमीटर, जोडणी तपासायचा बजर, टॉर्क्स (चांदणीच्या) आणि तीनपाती डोक्याच्या पेचकसांचा संच हे तर लागतंच. त्याआधी टेबलाचा वीजपुरवठा ३० मिलीॲम्पिअरला तुटणाऱ्या गळती-संरक्षक स्विचमधून घ्या. झाकण बंद करून, धातूच्या भागाला वीज पोचत नाही हे मोजून मगच वस्तू चालू करायची. मायक्रोवेव्ह दारातूनच परत पाठवा, कारण प्लग काढल्यावरही त्यातला वीज साठवणारा कपॅसिटर जीवघेणा भार धरून राहू शकतो. बॅटरी फुगलेला फोनही उघडायचा नाही, तो वाळूच्या बादलीशेजारी वेगळा ठेवायचा.

नवख्यांची हमखास होणारी चूक म्हणजे इस्त्री किंवा केस वाळवायच्या यंत्रातला उष्णतेने तुटणारा फ्यूज बदलताना डाग देणं (सोल्डर करणं). डागाच्या उष्णतेनेच नवा फ्यूज जागेवर उडतो. ती जोडणी तारांवर धातूची छोटी नळी दाबून करायची असते. शिवाय जुना फ्यूज का गेला, हे न बघता नवा बसवला तर तोही जाणार. बहुतेक वेळा हवेच्या वाटेत केस आणि धूळ साचलेली सापडते.

गल्ली मोकळी करण्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण कोलंबियातल्या बोगोटाचं. तिथली सिक्लोविया १५ डिसेंबर १९७४ रोजी पहिल्यांदा झाली. आता रविवारी आणि सुट्टीला सकाळी ७ ते दुपारी २ या वेळात शहरातले १२० किलोमीटरहून जास्त रस्ते सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी मोकळे असतात. पण ते महापालिकेच्या बळावर. चार घरांनी मिळून करण्याजोगं रूप इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या पालकांनी २००९ मध्ये उभं केलं: आपलीच गल्ली, दोन-तीन तास, दोन्ही टोकांना शेजारीच उभे.

गल्ली शंभर ते दोनशे मीटरची हवी, बसमार्ग नको आणि गाड्यांना जायला दुसरी वाट हवी. उभ्या गाड्या हटवायच्या मागे लागू नका, निम्मी भांडणं त्यातच होतात. तिथे राहणाऱ्याला गाडी आत न्यायची असेल तर एका स्वयंसेवकाने पुढे चालायचं आणि गाडीने त्याच्या मागे चालीच्या वेगाने यायचं. अडथळे असे ठेवा की एकटा माणूस क्षणात उचलेल. दोरी बांधू नका, मधली चार मीटर वाट खेळाच्या सामानाने भरू नका, रुग्णवाहिका आणि बंबासाठी ती लागते. मोटारी सहसा ऐकतात. खरा त्रास घरपोच सामान आणणाऱ्या दुचाक्यांचा, दोन अडथळ्यांमधली फट त्यांना पुरते. अडथळे एकाआड एक तिरके लावले की उतरून ढकलत न्यावं लागतं, आणि दोन-तीन वेळा ढकलल्यावर ते आपोआप दुसऱ्या रस्त्याने जातात.

परवानगी सगळ्यांत लांबते ती याच पर्यायात. पालिका, वाहतूक पोलीस आणि गल्लीतल्या प्रत्येक घराचा होकार, हे सगळं जमवायला दोन महिने हाताशी ठेवावेत. तेवढा दम नसेल तर छोटी युक्ती आहे. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रीबार नावाच्या गटाने गाडी लावायच्या एकाच जागेचं भाडं मीटरमध्ये भरलं आणि दोन तास तिथे हिरवळ, बाक आणि झाड मांडलं. नियम मोडला नाही आणि काय म्हणायचं आहे तेही कळलं. मात्र आपल्याकडच्या नियमांत तसं बसतं का, हे आधी वाचून घ्यायचं.

पेटीची परवानगी जागेवर अवलंबून. कुंपणाच्या आत, तोंड रस्त्याकडे, ही सगळ्यांत बिनघोर जागा. फुटपाथवर ठेवली की ते अतिक्रमण. खासगी अंगणातही कधी नियम आडवे येतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लीवुड शहराने एका मुलाची अंगणातली पेटी ‘घरापासून वेगळं बांधकाम’ म्हणून काढायला लावली होती. नंतर नगर परिषदेने सवलत दिली.

पेटीची सध्याची लाट टॉड बोल या अमेरिकन गृहस्थांपासून आली. २००९ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावी शिक्षिका असलेल्या आईच्या आठवणीसाठी एका खोलीच्या शाळेसारखी दिसणारी पेटी अंगणात लावली. देखावा सुरेख, पण नकल करताना लोक आकारावरच भाळतात. खोली ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा, जास्त झाली की पुस्तकांच्या दोन रांगा होतात आणि मागची रांग वर्षभर हलत नाही. छप्पर पुढे उतरतं आणि दारापुढे पाच सेंटिमीटर तरी आलेलं हवं. दार काचेऐवजी ॲक्रिलिकचं, उघडं राहिलं तर आपोआप मिटणारं. तळाला जाळी लावलेली भोकं, नाहीतर ओल आत कोंडते आणि पानं फुगतात. तळ जमिनीपासून साधारण एक मीटरवर, म्हणजे मुलांचाही हात पोचतो. झाडाखालची सावली मोहात पाडते, पण पक्ष्यांची विष्ठा, पाला आणि दमट हवा तिथेच जास्त.

पेटी मरते ती चोरीने नाही, अडगळीने. जुनी अभ्यासक्रमाची पुस्तकं, कालबाह्य मार्गदर्शकं, सुटलेले संच येऊन बसतात आणि चांगलं पुस्तक बघायला कुणी दार उघडत नाही. उपाय साधा आहे. आलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने तारीख टाकायची आणि महिनाभर न हललेलं उचलायचं. कुणी सगळं झाडून नेऊन विकत असेल तर पहिल्या पानावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारा, त्रास पुष्कळ कमी होतो.

राहिली पायी फेरी. खर्च जवळजवळ शून्य, परवानगी सहसा लागत नाही, आणि म्हणूनच लोक तिला कमी लेखतात. टोरोंटोत २००७ पासून शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांच्या स्मरणार्थ मेच्या पहिल्या आठवडाअखेरीस ‘जेन्स वॉक’ निघतात. ४ मे हा त्यांचा जन्मदिवस. वाट दाखवणारा तिथलाच रहिवासी असतो.

मालमसाला शोधायला इतिहासकार लागत नाही. बुजवलेली खिडकी, रस्त्यावर थरावर थर चढल्याने गाडली गेलेली पायरी, कुठेच न जाणारा जिना. अशा निरुपयोगी पण जपलेल्या वस्तूंना जपानी कलावंत अकासेगावा गेन्पेई यांनी ‘टोमासन’ हे नाव दिलं. ते आलं गॅरी थॉमासनवरून. हा मोठ्या रकमेला घेतलेला अमेरिकन बेसबॉलपटू, जपानी संघात आल्यावर त्याची बॅट चेंडूला लागेना, तरी संघात होता. नावाची गंमत इतकीच, पण गल्लीत टोमासन शोधा म्हटलं की दहा वर्षांची पोरंही माना वर करून चालू लागतात.

दोन किलोमीटर, आठ थांबे, प्रत्येकी पाच मिनिटं, एकूण दीड तास. पंचवीसच्या वर माणसं गेली की मागच्यांना ऐकू येत नाही. थांब्यावर सूर्य बोलणाऱ्याच्या तोंडावर ठेवा, ऐकणाऱ्यांच्या नको. सिग्नलला घोळका तुटतोच, म्हणून पलीकडे भेटायची खूण आधी सांगा. कुणाच्या फाटकासमोर थांबू नका. एकाच घराचं साल तिघांकडून तीन वेगळी ऐकायला मिळतात. तेव्हा डोळ्यांना दिसतं तेच खात्रीने सांगा, बाकीचं ‘लोक सांगतात’ म्हणूनच सांगा.

पाऊस आला तर? कट्टा छपराखाली असल्याने चालतो, पेटी नीट बांधलेली असेल तर टिकते, फेरी अर्ध्यावर संपते आणि गल्लीचा दिवस वाया जातो. त्यासाठी तुम्ही केलेला परवानगीचा दोन महिन्यांचा खटाटोपही त्याच्यासोबत वाया जातो, म्हणून दुसरी तारीख त्याच अर्जात मागून ठेवा.

दोघं-तिघं असाल तर फेरीपासूनच सुरुवात करा. पेटीची जागाही तिच्यातच सापडते: न सांगता लोक जिथे घुटमळले ती. पोरांचा आग्रह असेल आणि आठ जण खात्रीचे असतील तर गल्ली. कट्ट्याची घाई करू नका. फेरीच्या शेवटी एक वही फिरवा, प्रत्येकाने आपल्याला काय दुरुस्त करता येतं एवढंच लिहायचं, शिवण, सायकल, रेडिओ, काहीही. पाच नावं जमली की कट्ट्याची तारीख ठरवा.