वाफ आणि मंत्र एकाच टेबलावर: घरी रचलेलं जग काही महिने खेळवल्यानंतर

आधी काय वापरलं ते सांगतो. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर पात्रं घेऊन, फासे टाकत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ वाले. जग होमब्रू, म्हणजे स्वतः रचलेलं, नाव काजळखंड. त्यात देव आहेत, जादूगारांच्या पेढ्या आहेत, ड्रॅगन मोजके आणि आळशी आहेत. आणि त्याच आभाळाखाली कोळशाच्या खाणी, गिरण्या, नुकतेच टाकलेले रूळ. खऱ्या इतिहासाशी ताडून पाहायचं तर १८०० ते १८३० च्या मधला काळ. वॅटचं कमी दाबाचं इंजिन सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय, ब्रिटिश इंजिनिअर ट्रेव्हिथिकच्या धर्तीचं उच्च दाबाचं इंजिन नवं आहे आणि लोक त्याला बिचकून आहेत. कॅम्पेन (अनेक बैठकींत चालणारी एकच गोष्ट) बरेच महिने चालू आहे आणि गट तोच आहे, त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही.

अशा जगात पहिल्याच सेशनला खेळाडू एक प्रश्न विचारतातच: मंत्राने आग लागते, मंत्राने पाणी येतं, तर मरायला कोळसा कोण उपसेल? यावर नेहमीचं उत्तर म्हणजे जादू आणि यंत्र यांचं हाडवैर. मंत्र जवळ आला की चाकं अडतात, लोखंड जवळ आलं की मंत्र फसतो. कागदावर झकास दिसतं. टेबलावर मात्र विझार्ड (जादूगार) खेळणाऱ्याला दरवेळी गाडीच्या शेवटच्या डब्यात कोंडावं लागतं, आणि इंजिन हाताळणारं कॅरेक्टर त्याच्याशी कधी धड बोलतच नाही. एका पार्टीच्या, म्हणजे पात्रांच्या टोळीच्या, दोन पार्ट्या होतात. माझ्या मते हा नियम म्हणजे डीएमची (खेळ चालवणाऱ्याची) पळवाट आहे.

काजळखंडात हे वैर नाही. त्याऐवजी एका बाजूला स्पेलची (मंत्रांची) वर्णनं शब्द न् शब्द वाचायची आणि दुसऱ्या बाजूला वाफेचा हिशेब मांडायचा, एवढंच केलं. या जगात जे काही टिकलं ते सगळं यातून आलंय.

उदाहरणार्थ 'क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर'. पहिल्या लेव्हलचा स्पेल, पाणी जास्तीत जास्त १० गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर. जुन्या धाटणीच्या इंजिनाला एक अश्वशक्ती तासभर मिळवायला १२ ते १५ किलो वाफ लागते असं धरा. मग क्लेरिकच्या (पुजारी पात्राच्या) एका स्लॉटवर, म्हणजे दिवसाच्या मोजक्या मंत्रांपैकी एकावर, १० अश्वशक्तीचं इंजिन जेमतेम पाव तास चालतं. आणि तेवढ्या पाण्याची वाफ करायला ५-६ किलो कोळसा लागतो तो वेगळाच. वर आणखी एक गंमत: वर्णनात पाणी 'उघड्या भांड्यात' येतं असं म्हटलंय. बॉयलर बंद असतो. म्हणजे पाणी टाकीत घ्यायचं आणि तिथून पंपाने आत ढकलायचं. पंपाचा दांडा मारणारा माणूस सुटत नाही तो नाहीच.

आगीचंही तेच. 'वॉल ऑफ फायर' चौथ्या लेव्हलचा, आणि एकाग्रता टिकली तरी त्याचं आयुष्य एक मिनिट. थंड पडलेल्या इंजिनात वाफ धरायला कित्येक तास भट्टी जळत ठेवावी लागते. तिथे जादूगार कितीही मोठा असो, फावडंवालाच कामाचा.

सगळ्यात मोठी भीती 'मेंडिंग'ची होती. कँट्रिप आहे, कितीही वेळा टाका, फूटभरापर्यंतची चीर जोडली जाते. मग बॉयलरच्या गळतीचं नाट्यच संपलं! पण त्याची रेंज 'टच' आहे आणि टाकायला एक मिनिट लागतं. पेटत्या बॉयलरला मिनिटभर हात लावून दाखवा. भट्टी विझवायची, पत्रा थंड व्हायची वाट बघायची, मग मंत्र म्हणायचा, मग पुन्हा वाफ धरायची. अर्धा दिवस गेला. एकही नवा नियम न लिहिता दुरुस्ती महाग झाली. होमब्रू करणाऱ्या सगळ्यांना माझं एकच सांगणं: नवा नियम लिहायच्या आधी जुना नीट वाचा.

जगातला मला स्वतःला सर्वात आवडलेला भाग असाच एका वर्णनातून निघाला. 'डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर' ही सुरई दुर्मीळ वगैरे नाही, 'अनकॉमन' आहे. मोठ्या धारेचा शब्द उच्चारला की एका राउंडमध्ये, म्हणजे ६ सेकंदांत, ३० गॅलन पाणी. गाडीच्या पाण्याचा प्रश्न इथे सरळ सुटतो आणि जग कोसळतं असं वाटतं. पण धार पुढच्या राउंडला थांबते. शब्द पुन्हा उच्चारावा लागतो. मोठ्या खाणीवरच्या इंजिनांना पाणी हवं तर कोणीतरी तासाला ६०० वेळा तोच शब्द म्हणत उभं राहायला हवं. त्यातून काजळखंडात सुरईवाल्यांची जमात तयार झाली. पाळ्या असतात, घसा बसला की पगार कापला जातो, आणि कामाचा शब्द ते घरी चुकूनही तोंडातून काढत नाहीत. आमच्या एका खेळाडूने 'रोग' (चोर पात्र) घेतला तो पळून आलेला सुरईवाला. झोपेत शब्द बोलतो म्हणून पार्टी त्याच्या उशाशी कुठलंही भांडं ठेवत नाही.

जिथे नवा नियम खरंच लागला ती जागा म्हणजे दाब. चालत्या इंजिनासाठी टेबलाच्या मधोमध एक सहा बाजूंचा फासा ठेवतो. टाकायचा नाही, नुसता फिरवायचा. कोळसा टाकला तर राउंडला एक आकडा वर, नाही टाकला तर एक खाली. वेग फाशाइतका. ६ च्या वर जायची वेळ आली की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, शिट्टीसारखा आवाज होतो आणि आसपासच्या सगळ्यांना तुमचा ठावठिकाणा कळतो. व्हॉल्व्ह दोरीने बांधून ठेवता येतो. खऱ्या इंजिनांवरही असले उद्योग चालत आणि त्यापायी बॉयलर फुटत. बांधलेला व्हॉल्व्ह आणि फासा ६ वर, तर प्रत्येक राउंडला दुसरा फासा टाकायचा. १ आला की इंजिनावरच्यांसाठी नवीन कॅरेक्टर शीट (पात्राचा कागद) काढायला घ्यायची. नियम एवढाच. समजवायला दोन मिनिटं लागतात. महिने झाले तरी तो अर्धवट पडून राहिलेला नाही, हे माझ्या इतर घरगुती नियमांबद्दल म्हणता येणार नाही. हवामानाचा तक्ता होता, तो आता कुठे आहे तेही माहीत नाही.

दाबाबरोबर आणखी एक वस्तू जगात आणली: शिशाचा प्लग. १८०३ मध्ये लंडनजवळ ग्रिनिचला ट्रेव्हिथिकच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटून चार माणसं गेली. त्यानंतर त्याने बॉयलरमध्ये शिशाचा प्लग बसवायला सुरुवात केली. पाणी फार खाली गेलं की शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची खबर देते. मी तो फक्त वातावरणनिर्मितीसाठी वर्णनात घातला होता. पण आमच्या बार्डच्या (गाण्यातून जादू करणाऱ्या पात्राच्या) ते बरोबर लक्षात राहिलं. खाणमालकाची गाडी पळून चालली होती, ही उडी मारून इंजिनावर चढली.

"प्लग दिसतो का मला?"

"भट्टीचं दार बंद आहे."

"फायरमन कोळसा टाकायला उघडेल ना?"

"उघडेल."

"मग मी थांबते. 'हीट मेटल' तयार ठेवते."

मग दहा मिनिटं वाद. प्लग ही वेगळी वस्तू की बॉयलरचाच भाग? स्पेलला दिसणारी, घडवलेली धातूची वस्तू लागते. प्लग घडवलेला आहे, फिरवून काढता येतो, दार उघडल्यावर वाकून पाहिलं तर दिसतो. मी हो म्हटलं. स्पेल वस्तू लालबुंद करतो. शिसं त्याच्या कितीतरी आधी, ३२७ अंशांनाच वितळतं. फायरमनने दार उघडलं, तिने स्पेल टाकला, वाफ भट्टीत घुसली आणि तिथून उघड्या दारातून थेट दोघांच्या अंगावर आली. तिचा डेक्स सेव्ह (चपळाईने वाचायचा फासा) ४ आला. गाडी थांबली. क्लेरिकने आधी बार्डला उठवलं, मग जरा विचार करून फायरमनलाही. तो फायरमन आता पार्टीसोबत असतो आणि त्याचं मत सगळे विचारतात.

आता तक्रारी. पहिली प्रवासाची. नियमांप्रमाणे पायी दिवसाला २४ मैल. १८२९ मध्ये इंग्लंडात रेनहिलच्या चाचण्यांत 'रॉकेट' नावाचं वाफेचं इंजिन ताशी ३० मैलांच्या आसपास पळालं होतं. तसं इंजिन जगात आलं की दिवसभराची पायपीट तासाभरात उरकते आणि वाटेतलं जंगल, दरोडेखोर, पडके बुरूज, सगळं खिडकीतून मागे जातं. ज्यांना नकाशा षट्कोन-षट्कोन उलगडण्यात मजा वाटते त्यांनी हे जग घेऊ नये, वैतागतील. माझा उपाय म्हणजे मार्ग अगदी थोडे आणि तेही खाण ते बंदर. ट्रेव्हिथिकच्या १८०४ च्या, वेल्समधल्या पेनीडॅरनच्या गाडीने १० टन लोखंड ओढून दाखवलं, पण तिच्या वजनाने ओतीव लोखंडाचे रूळ तडकत होते. काजळखंडातही इंजिनं मिळतात, चांगले रूळ मिळत नाहीत. ते फक्त ड्वार्फ (खेळातली ठेंगू जमात) लाटून देतात आणि त्याची किंमत ते राजकारणात वसूल करतात.

दुसरी तक्रार फसवी आहे, लवकर लक्षात येत नाही. लाँग रेस्ट, म्हणजे स्लॉट परत भरून देणारी विश्रांती, ८ तासांची. गाडीत बसून ८ तास गेले की पार्टी सगळे स्लॉट भरून ताजीतवानी उतरते. प्रवास हाच दवाखाना होतो. त्यामुळे आमच्याकडे एकही मार्ग ६ तासांपेक्षा लांब नाही. कारण कोणी विचारलंच तर ड्वार्फांकडे बोट दाखवतो.

डब्यातल्या मारामाऱ्यांचं मात्र उलट झालं. सुरुवातीच्या रेल्वे डब्यांना आतून जायला वाटच नसायची, प्रत्येक कप्प्याला बाहेर उघडणारं दार. ते तसंच ठेवलं. परिणामी प्रत्येक मारामारी बाहेरच्या फळीवर लटकत होते. बंदुका ठेवल्या नाहीत, त्यांची उणीव कोणाला भासली नाही.

या जगाचा सर्वात कसदार भाग लढाईत नाही, मजुरीत आहे, आणि याची मला अपेक्षा नव्हती. 'कंटिन्युअल फ्लेम' हा कायमचा दिवा. एका वेळी ५० सोन्याच्या नाण्यांची माणकांची पूड खातो. नियमपुस्तकात साध्या मजुराचा रोज २ चांदीची नाणी. म्हणजे एक जादूचा दिवा बरोबर २५० दिवसांची मजुरी. म्हणून दिवे फक्त श्रीमंतांच्या रस्त्यांवर, बाकी गावात अंधार. आता गॅसचे दिवे येताहेत (लंडनच्या पॉल मॉलवर ते १८०७ मध्ये लागले) आणि दुसऱ्या लेव्हलच्या स्पेलवर पोट भरणारे किरकोळ जादूगार एका हंगामात बेकार होतात. हे लोक रात्री गॅसच्या नळ्या फोडतात. पार्टीला त्यांना पकडायचं काम मिळालं होतं. पकडले, ओळखी निघाल्या, सोडून दिले. विझार्ड खेळणाऱ्याने तर उलट त्यांची वर्गणी भरली. जादू विरुद्ध यंत्र असं भांडण मी नियमांत घातलं नव्हतं; ते पोटापाण्याच्या वाटेने आलं, आणि त्यात दोन्ही बाजूंना सहानुभूती मिळाली.

तयारीचा वेळ जास्त लागतो, हे खरं. हिशेबाची आवड नसलेल्या डीएमला हे जग ओझं वाटेल. नुसती पितळी चाकं, गॉगल आणि धूर एवढीच हौस असेल तर यातलं काहीही करू नका, एका संध्याकाळचा वन-शॉट खेळा, मजा येईल. आणि जग इतरांना द्यायचं असेल तर एक सोय आहे: पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले आहेत.

पुढच्या टप्प्यात तारायंत्र आणतोय. आपल्याकडे ते १८३० च्या दशकातलं, इथे थोडं आधी येईल. 'सेंडिंग' म्हणजे तिसऱ्या लेव्हलचा निरोप, फक्त २५ शब्द. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे तसे स्लॉट दिवसाला दोनच. निरोप्यांची पेढी आजवर याच टंचाईवर गब्बर झालीय. बातमी फुटल्यापासून 'रोग' खेळणारा खांब कापायचे किती मिळतील विचारतोय, आणि बार्ड तेच खांब राखायचे किती मिळतील ते.