घरच्या बाकावर रुबिडियम: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

एफ्राटॉमचं एलपीआरओ-१०१ हे रुबिडियम ऑसिलेटर, म्हणजे उपकरणांना १० मेगाहर्ट्झचा अचूक संदर्भ देणारी डबी, गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे जवळजवळ अखंड चालू आहे. टेलिकॉमच्या जुन्या सामानातून निघालेलं, सेकंडहँड. मत आधीच सांगून टाकतो: या सगळ्या प्रकरणात रुबिडियम हा सोपा भाग. डोकं आणि पैसे खरे जातात ते त्याची उष्णता काढण्यात आणि १० मेगाहर्ट्झ चार उपकरणांपर्यंत धड पोचवण्यात.

आतली गंमत थोडक्यात. रुबिडियमच्या दिव्याचा उजेड रुबिडियमच्याच वाफेने भरलेल्या कुपीतून जातो. कुपीला दिलेल्या मायक्रोवेव्हची वारंवारता ६८३४.६८ मेगाहर्ट्झच्या आसपास बरोबर जुळली की पलीकडच्या फोटोडायोडवर उजेड किंचित मंदावतो. सर्किट तो खड्डा धरून ठेवतं आणि आतल्या क्रिस्टलला त्यानुसार ओढत राहतं. म्हणजे बाहेर येतो तो क्रिस्टलचाच आवाज, रुबिडियम फक्त कान पिळतं. उपग्रहांतही याच जातीची घड्याळं असतात. २९ मे २०२३ ला इस्रोने सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये आपल्याकडे बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे.

वीज २४ व्होल्ट. सुरुवातीला दीड अँपिअरच्या वर ओढतं, काही मिनिटांत लॉक होतं (म्हणजे तो खड्डा सापडून क्रिस्टल त्याला जखडला जातो) आणि मग अर्ध्या अँपिअरच्या आसपास स्थिरावतं. तेव्हा लॉकच्या पिनवरचा व्होल्टेज खाली जातो, तिच्यावर मी एलईडी लावलाय. सप्लायचा तोटा धरून महिन्याला चौदा-पंधरा युनिट बिलात जातात, घरच्यांना हे आधी सांगून ठेवावं. पण बारा-तेरा वॅट सतत एवढ्याशा डबीत म्हणजे उघडा तळ हाताला चटका देतो. पुण्यात तपकीर गल्लीत घेतलेला वीतभर रुंद ॲल्युमिनियमचा हीटसिंक, मध्ये थर्मल पेस्ट, मागे हळू फिरणारा पंखा, एवढ्यावर एप्रिल-मे निघाला. दुपारी खोली ३६ अंशांवर गेली की वारंवारता किंचित सरकते, रात्री परत येते. जीपीएसच्या दर सेकंदाच्या पल्सशी तुलना लावून ठेवली की हे आलेखात लाटेसारखं दिसतं.

ही तुलना कशी वाचायची तेही सांगतो, कारण इथे बरेच जण गोंधळतात. जीपीएसची एकेक पल्स पाच-पन्नास नॅनोसेकंद इकडेतिकडे नाचते, तासाभराच्या मोजणीवर विसंबू नये. चोवीस तासांत फरक ८.६४ मायक्रोसेकंदांनी सरकला तर चूक दहा अब्जांत एक, म्हणजे १० मेगाहर्ट्झवर एक मिलिहर्ट्झ. माझं युनिट आलं तेव्हा याच्या दुपटीहून जास्त बाहेर होतं. सी-फील्डचा (कुपीभोवतीच्या हलक्या चुंबकीय क्षेत्राचा, ज्याने वारंवारता किंचित हलते) ट्रिमर केसभर फिरवायचा, एक-दोन दिवस थांबायचं, परत बघायचं. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे. आता महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरतं.

आता डिस्ट्रिब्यूशन ॲम्प्लिफायर, म्हणजे एकच सिग्नल अनेक उपकरणांना वाटणारं सर्किट. एलपीआरओचं आउटपुट ५० ओहमवर सुमारे ०.५५ व्होल्ट आरएमएस. मला प्रत्येक उपकरणाला एक व्होल्टच्या आसपास हवा होता. दर आउटपुटला ५० ओहमचा सिरीज रेझिस्टर असल्याने अर्धा व्होल्टेज तिथेच पडतो, म्हणून ऑपअँपने (ॲम्प्लिफायरच्या चिपने) चौपट करायला हवं. हिशेब केला तर १० मेगाहर्ट्झवर सहा व्होल्टांहून मोठा पीक-टू-पीक झोका येतो, आणि त्याला साधारण २०० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद स्लू रेट (आउटपुटचा व्होल्टेज बदलण्याचा वेग) लागतो. खणात पडलेला टीएल०७२ हा साधा ऑपअँप इथे कामाचा नाही, साइनचा त्रिकोण होतो. मी दर आउटपुटला वेगळा एडी८११ हा वेगवान ऑपअँप घेतला, ±१२ व्होल्ट लिनिअर सप्लायवर. टी-कनेक्टरने वाटणारे पुष्कळ आहेत, पण एका शाखेची केबल काढली की दुसरीकडचा सिग्नल उड्या मारतो. वेगळ्या बफरने ते थांबलं: काउंटरकडे जाणारं आउटपुट स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केलं तरी शेजारच्या आउटपुटचा ट्रेस स्कोपवर जागचा हलला नाही. आउटपुटला छोटे टोरॉइड ट्रान्सफॉर्मरही घातले, त्यामुळे उपकरणांच्या अर्थिंगमधून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण बंद झाली. जुना व्हिडिओ डिस्ट्रिब्यूशन ॲम्प्लिफायर मिळाला तर तोही चालेल, फक्त त्याचे ७५ ओहम लक्षात ठेवून रेझिस्टर बदलावेत.

फायदा सर्वांत जास्त कुठे झाला? हौशी रेडिओवाल्यांचा उपग्रह क्यूओ-१०० ऐकताना. साधा एलएनबी (डिशच्या तोंडावरचा रिसीव्हर) गच्चीवरच्या उन्हात कित्येक किलोहर्ट्झ भटकतो. १० वरून २५ मेगाहर्ट्झ करणारं पीएलएल सर्किट बसवून एलएनबीला हा संदर्भ दिला. आता सकाळी लावलेलं एसएसबी (आवाजाचं प्रसारण) स्टेशन संध्याकाळीही त्याच आकड्यावर सापडतं. काउंटर आणि सिग्नल जनरेटर एकाच संदर्भावर आले, तेव्हा शेवटच्या अंकांवरून होणारा वादही मिटला.

खटकलेलं असं की फेज नॉइज (सिग्नलच्या वेळेतली बारीक थरथर) चांगल्या ओसीएक्सओइतका, म्हणजे तापमान स्थिर ठेवलेल्या क्रिस्टल ऑसिलेटरइतका, स्वच्छ नाही. १० गिगाहर्ट्झपर्यंत हजारपट गुणलं की तो ६० डीबीने वाढतो, त्यामुळे गुणाकाराआधी क्लीनअप ऑसिलेटर लागतो. गच्चीवर जीपीएसचा अँटेना लावता येत असेल आणि फक्त काउंटर बरोबर हवा असेल, तर जीपीएसडीओ (जीपीएसने ताळ्यावर ठेवलेला ऑसिलेटर) घ्या, स्वस्तात काम होईल. अँटेनाला आकाशच दिसत नसेल किंवा माझ्यासारखा नाद असेल, तर रुबिडियम.

घेताना विक्रेत्याकडे दिव्याच्या व्होल्टेजचा आकडा मागा. दिवा म्हातारा होतो तसा तो उतरत जातो, आणि नुसता ‘लॉक होतंय’ हा फोटो त्याबद्दल काही सांगत नाही. माझ्याकडे आलेल्या पहिल्या युनिटचा फोटो झकास होता, दिवा मात्र जेमतेम तीन व्होल्टांवर निघाला आणि ते परत पाठवावं लागलं. सध्याचं ६.८ वर आलं होतं, आज ६.७ आहे.