बाणेरची पिकलबॉल वीकेंड बॅच, चार रविवार केले त्याबद्दल

आम्ही नवरा-बायको दोघांनी जॉइन केलेली, सकाळी सात ते साडेआठ. पिकलबॉल म्हणजे छोट्या बॅटने भोकांचा प्लॅस्टिकचा बॉल नेटवरून मारायचा खेळ. आधी सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टवर नेट खाली करून खेळायचो, माप तेच पडतं ना, 20 बाय 44 फूट, त्यामुळे वाटायचं की आपल्याला बऱ्यापैकी येतंय. पहिल्याच दिवशी साठीचे एक काका आणि त्यांच्या बरोबरच्या मावशी, दोघांनी आम्हाला 11-3 धुतलं. काका पळतच नव्हते हो! प्रत्येक बॉल आमच्या दोघांच्या बरोब्बर मधे, मला वाटतंय हा घेईल, ह्याला वाटतंय ही घेईल आणि बॉल मागे जाळीला.

दुसऱ्या रविवारी कोचने हेच घेतलं. म्हणाला लाइनीवर मारायचा शौक सोडा, मधे मारा, तिथे नेट पण 34 इंच, कडेला 36, आणि समोरचा पुढे पळत येत असेल तर सरळ त्याच्या पायात. मग बेसलाइनच्या हातभर आत त्याने स्वतःची जुनी स्लिपर ठेवली, सर्व्हिसचा रिटर्न हिच्यावर. तीसेक बॉलमधे माझा दोनदा लागला, पण फरक कळला, रिटर्न तेवढा खोल पडला की सर्व्हिस करणाऱ्याला टप्प्याची वाट बघत मागेच थांबावं लागतं आणि आपण निवांत किचनच्या (नेटला लागून असलेला पट्टा, त्यात उभं राहून बॉल टप्प्याआधी मारता येत नाही) लाइनीपर्यंत पोचतो. सर्व्हिस आपली असेल तर रिटर्ननंतरचा तिसरा शॉट हळूच किचनमधे टाकायचा, तो मात्र माझा अजून नेटमधे जातो नाहीतर समोरच्याला ताटात वाढल्यासारखा.

तक्रारी आहेत. एका कोर्टवर आठ जण, म्हणजे अर्धा वेळ पाणी पीत उभं राहायचं. पार्किंगबद्दल तर बोलायलाच नको. आणि नवरा डावखुरा, कोचला विचारलं मधला बॉल कुणाचा, तर म्हणे ज्याचा फोरहँड मधे त्याचा. अरे पण आमचे एका बाजूला दोघांचे फोरहँड मधे येतात आणि बाजू बदलली की दोघांचे बॅकहँड! त्यावर नुसता हसला.

शेवटी काकांनाच विचारलं. बॉल ज्याच्या तिरक्यात समोर आहे त्याने घ्यायचा, दुसऱ्याने आपली लाइन सांभाळायची, एवढंच म्हणाले आणि चहाला गेले. परवा त्यांच्याशी परत खेळलो, 11-8 हरलो.